नऊ नंबरची खिडकी

आमच्या घरात दोन गोष्टी बंद होत नाहीत. एक स्वयंपाकघरातला नळ आणि दुसरे पद्माकर. नळासाठी निदान प्लंबर तरी बोलावता येतो.

पद्माकर म्हणजे माझे यजमान. त्यांनी सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात काढली आणि तिथून एक समजूत घरी घेऊन आले, की आपण समजावून सांगितल्याशिवाय समोरच्याला काही कळत नाही. निवृत्त झाल्यावर मंत्रालय सुटलं, समजूत राहिली. आता ते दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीला समजावतात. गार्डला गेट कसं लावायचं ते सांगतात, भाजीवाल्याला मटार कसे निवडायचे ते सांगतात. मी जन्मभर केंद्रीय विद्यालयात गणित शिकवलं, तरी मला टक्केवारी सांगतात.

या सगळ्यात त्यांचा लाडका विषय म्हणजे हिंदूराव. उत्तर दिल्लीत रिजवर, म्हणजे त्या झाडीच्या टेकडीवर, हिंदूराव नावाचं म्युनिसिपालिटीचं मोठं हॉस्पिटल आहे. दिल्लीच्या लोकांना ते हॉस्पिटल म्हणून माहीत आहे, पद्माकरांना आपला माणूस म्हणून. ग्वाल्हेरहून आलेला मराठी सरदार, त्याचा टेकडीवरचा बंगला, शिंद्यांशी त्याचं नातं, हे सगळं आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेलं आहे. एकदा गॅसवाला ऐकत उभा राहिला आणि भरलेला सिलिंडर परत घेऊन गेला.

अशा घरात आमची मैत्रेयी वाढली आणि कमी बोलायला शिकली. तिला दुसरा मार्गच नव्हता. तिने वाक्य सुरू करावं आणि बाबांनी ते पुरं करावं, अशी पद्धत होती. शाळेतल्या बाई म्हणायच्या, मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही. मी म्हणायचे, घरी नंबर लागत नाही तिचा. मोठी होऊन ती लायब्ररियन झाली, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. जिथे भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं असतं, तीच जागा तिने शोधून काढली.

ती जागा म्हणजे रिजच्या कडेच्या एका जुन्या युनिव्हर्सिटीची लायब्ररी. नाव सांगत नाही, कारण मैत्रेयी अजून तिथेच आहे. लायब्ररीचा गोल हॉल फार जुना आणि देखणा. पण बघायला येणारे लोक मान वर करून घुमट बघायचे, सेल्फी काढायचे आणि कँटीन कुठे आहे ते विचारायचे. म्हणून मैत्रेयीने एक टूर तयार केली. हॉलच्या भिंतीलगत नऊ थांबे, प्रत्येक थांब्यावर एक कोड. फोनने तो स्कॅन करायचा, कानात इअरफोन घालायचा आणि गोष्ट ऐकत पुढच्या थांब्यावर जायचं. गाईड नाही, कोणी नाही, आपलं आपण फिरायचं. आवाज तिचाच, कारण दुसऱ्या आवाजाला बजेट नव्हतं.

तिच्या साहेब, हेमलता माथुर, या सगळ्यावर नाराज. त्यांचं म्हणणं असं, की ही दिल्ली आहे, इथे कोणी पाटी वाचत नाही, जो तो विचारत सुटतो. त्यापेक्षा एखाद्या एजन्सीचा गाईड ठेवावा. आणि गाईड आला, की टूर गेली आणि जानेवारीअखेर संपणारं मैत्रेयीचं कॉन्ट्रॅक्टही गेलं. शेवटी माथुर मॅडम एका गोष्टीला तयार झाल्या. कधी लायब्ररीत न आलेली साधी माणसं आणायची. त्यांनी कोणाला काही न विचारता टूर पुरी केली, तर कॉन्ट्रॅक्ट आणखी एक वर्ष. एकाने जरी दुसऱ्याला रस्ता दाखवला, तर खेळ खलास.

हे सगळं मैत्रेयीने मला जेवताना सांगितलं. पद्माकर बाल्कनीत फोनवर होते, म्हणून सांगता आलं.

"आई, तुमच्या मराठी मंडळातली माणसं येतील का रविवारी?"

"न यायला काय झालं? संक्रांत झाली आहे, सगळे सहल सहल करतायत. पण..."

"पण बाबा," ती म्हणाली.

आम्ही दोघी बाल्कनीकडे बघायला लागलो. तिथे ते कोणाला तरी पॅन कार्ड आधारला कसं जोडायचं ते सांगत होते. पलीकडच्या माणसाने चुकून फोन लावला असावा, असा मला संशय होता. मंडळाचे सेक्रेटरी तेच, त्यामुळे त्यांना सोडून सहल काढणं म्हणजे नवरदेवाला सोडून वरात काढण्यासारखं झालं असतं.

तेवढ्यात ते आत आले. "मला सगळं ऐकू आलं आहे," ते म्हणाले. "मी एक शब्द बोलणार नाही."

"अहो, तुम्हाला नाही जमायचं."

"कुमुद, मी संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं तयार करायचो. काय सांगायचं नाही, हे मला बरोबर कळतं."

मैत्रेयीने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, एक तास. खरंच एक तासच. माझी नोकरी आहे हो."

"तू बिल्कुल काळजी करू नकोस," ते म्हणाले, आणि आपण गप्प कसे राहणार आहोत, हे त्यांनी आम्हाला आमटी गार होईपर्यंत समजावून सांगितलं.

रविवारी दिल्लीत असं धुकं होतं, की मेट्रोच्या डब्यातून द्वारका सुटल्याचं फक्त घोषणेवरून कळलं. मंडळाची बरीच माणसं आली होती. सगळ्यांच्या पुढे सरलाकाकू. यांना मंडळात सगळे घाबरतात. हातात तिळाच्या वड्यांचा डबा, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. काकूंना कोणी लायब्ररी म्हटलं काय आणि लेणी म्हटलं काय, त्यांची तयारी तीच असते. मागे विक्रांत. तो पुण्याचा, गुडगावात आयटीत आहे आणि मंडळात कोणाचाही फोन अडला, की त्याच्याकडे जातो.

युनिव्हर्सिटीच्या स्टेशनपासून आम्ही रिक्षा केल्या. डाव्या हाताला रिजची झाडी लागली आणि पद्माकरांचे ओठ हलायला लागले. मी घाईने काकूंच्या हातातला डबा उघडून त्यांच्या तोंडात तिळाची वडी घातली. ती संपेपर्यंत लायब्ररी आली.

हॉलचं दार उघडलं आणि आतलं दृश्य बघून सरलाकाकूंनी चपला काढल्या. त्यांचीही चूक नव्हती. गोल हॉलच्या मधोमध एका चौथऱ्यावर युनिव्हर्सिटीच्या संस्थापकांचा संगमरवरी अर्धपुतळा होता. आदल्या आठवड्यात स्थापना दिवस झाला होता, त्यामुळे पुतळ्याला झेंडूचा जाड हार, कपाळाला गंध आणि पुढ्यात विझलेली उदबत्ती. वर घुमट. आमच्यासारख्यांना आणखी काय लागतं? काकूंच्या मागून सगळ्यांनी चपला-बूट काढले आणि दाराबाहेर ओळ लागली.

"अरे मैडम, ये मंदिर नहीं है," गार्ड म्हणाला.

"विद्या का घर है, भैया," काकूंनी त्याला गप्प केलं.

दाराशी एका टेबलामागे मैत्रेयी उभी होती. तिला आम्हाला काही सांगायची परवानगी नव्हती. सगळ्यांच्या हातात एक-एक इअरफोन देऊन ती फक्त म्हणाली, "आप लोग घूम लीजिए." मला तर तिने ओळखही दाखवली नाही. वरच्या गॅलरीत शाल पांघरून माथुर मॅडम बसल्या होत्या, मांडीवर कागद, हातात पेन. परीक्षेच्या वेळी मीही अशीच बसायचे.

आणि मग ते झालं.

सरलाकाकूंनी पुतळ्याला हात जोडले आणि त्या डावीकडे वळल्या. त्यांच्या मागून सगळे डावीकडे वळले. मीही वळले. कोणी विचार केला नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही. मध्ये देव आहे म्हटलं, की त्याला उजव्या हाताला ठेवून चालायचं, हे आमच्या पायांना डोक्याच्या आधी कळतं. जन्मात कधी उलटी प्रदक्षिणा घातलेली नाही, ती आज लायब्ररीत कशी घालणार?

मैत्रेयीची टूर दाराच्या उजव्या हाताला सुरू होत होती.

डावीकडच्या पहिल्या थांब्यावर पितळेच्या पाटीवर नऊचा आकडा होता. मी गणिताची बाई, आकडा मला दिसला. मी थांबलेही. पण विक्रांत म्हणाला, "बहुतेक कपाटाचा नंबर असेल, काकू," आणि आयटीतल्या माणसाने म्हटल्यावर कोण वाद घालतो? तिथे एक उंच खिडकी होती. सगळ्यांनी फोन पुढे केले, कोड स्कॅन केला आणि माझ्या कानात माझी मुलगी बोलायला लागली.

हिंदीत बोलत होती, मी मराठीत सांगते. ती म्हणाली, आता तुम्ही दमला असाल. हा आपला शेवटचा थांबा.

माझ्या लक्षात आलं आणि पायाखालची फरशी जास्तच गार लागली. आम्ही शेवटाला येऊन उभे होतो. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही फरक नव्हता. काकूंनी मला हळूच विचारलं, "संपलं? बरं झालं. लहानच आहे की." मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी सांगितलं असतं, तर तो रस्ता दाखवणं झालं असतं. वर गॅलरीत पेन हललेलं मला दिसलं.

म्हणून मी पुढे ऐकत राहिले. मैत्रेयी म्हणत होती, या खिडकीतून रिजची झाडी दिसते. त्या झाडीपलीकडे हिंदूराव हॉस्पिटल आहे. लहानपणी आमची बस इथून गेली, की माझे बाबा मला हिंदूरावांची गोष्ट सांगायचे. प्रत्येक वेळी सांगायचे. मला फार कंटाळा यायचा. मी खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मनात झाडं मोजायचे. आज मी याच खिडकीत बसून काम करते. कोणी विचारलं, हिंदूराव कोण होते, तर मी कागद न बघता सांगू शकते. या लायब्ररीत लाखो पुस्तकं आहेत, पण मला तोंडपाठ असलेली गोष्ट इथल्या एकाही पुस्तकातली नाही. आपण आलात, आभारी आहे.

माझे डोळे भरून आले, हे मी इथे सरळ सांगून टाकते. त्या मुलीला एवढी सलग वाक्यं बोलताना मी घरात कधी ऐकलं नव्हतं. मी वळून पद्माकरांना शोधायला लागले.

ते अजून दाराशीच होते. एक नंबर समोर दिसत असताना नऊ नंबरला हात लावणं त्यांच्या स्वभावात नाही. मंत्रालयात त्यांनी कधी दोन नंबरचा परिच्छेद एकच्या आधी वाचला नसेल. त्यांनी उजवीकडची एकची पाटी बघितली, मग डावीकडे चाललेलं अख्खं मंडळ बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. अशा वेळी त्यांच्या तोंडातून जे वाक्य निघतं, ते मला पाठ आहे, 'एक मिनिट, एक मिनिट, मी काय सांगतो ते ऐका.' त्यांनी मैत्रेयीकडे पाहिलं. ती टेबलावरचा कागद उगाच सरळ करत होती.

पद्माकरांनी तोंड मिटलं. मग गळ्यातला मफलर सोडला आणि तोंडावरून दोन वेढे घेऊन मागे गाठ मारली. उजवा हात आम्हाला बोलवायला वर आला होता, तो त्यांनी डाव्या हाताने खाली ओढला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. आणि एकटे उजवीकडे वळले.

तिथून पुढे आम्ही जी टूर केली, तशी जगात कोणी केली नसेल. आठव्या थांब्यावर मैत्रेयीने सांगितलं, की अशा रीतीने ती खुर्ची अखेर सापडली आणि सगळ्या लायब्ररीचा जीव भांड्यात पडला. कोणती खुर्ची, ते कोणालाच माहीत नव्हतं. तरी सगळ्यांना आनंद झाला. सातव्या थांब्यावर कळलं, की खुर्ची चोरल्याचा संशय एका प्रोफेसरांवर आला होता. मंडळात लगेच दोन तट पडले.

"सापडली ना शेवटी?" सरलाकाकू म्हणाल्या. "मग कशाला बिचाऱ्याच्या मागे लागायचं?"

"पण काकू, चोरी झालीच कशी, हे कळायला नको?" विक्रांत म्हणाला. त्याला आता गोष्टीत रस आला होता. "मला वाटतं, हे मुद्दाम असं ठेवलंय. आधी एंड, मग फ्लॅशबॅक. मस्त आहे यार."

सहाव्या थांब्यावर मैत्रेयी म्हणाली, आता तुम्ही अर्ध्याहून जास्त अंतर चालून आलात. काकूंनी कौतुकाने मान हलवली. "किती काळजी घेते पोरगी," त्या म्हणाल्या. कोणी थांबलं नाही, कोणी विचारलं नाही. सगळे शहाण्यासारखे, एकामागोमाग एक, चुकीच्या दिशेने चालत राहिले. मी वर बघायचं टाळलं.

पाचव्या थांब्यावर, जुन्या घड्याळाखाली, समोरून पद्माकर आले. आम्ही सगळे एकीकडून, ते एकटे दुसरीकडून. तोंडावर मफलर, हात खिशात, कानात इअरफोन. सगळ्यांची वाट अडली.

"पद्माकरराव," सरलाकाकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "उलटी प्रदक्षिणा? घरी सगळं ठीक आहे ना?"

पद्माकरांच्या कपाळावर घाम आला होता, जानेवारीत. मफलरच्या आत काहीतरी हललं. त्यांनी पाटीवरच्या पाचाच्या आकड्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग परत पाचाकडे, आणि मला कळलं, की ते नजरेने सांगायचं की नाही याचा विचार करतायत. शेवटी त्यांनी डोळेसुद्धा मिटून घेतले आणि काकूंना वाट दिली.

"काहीतरी बिनसलंय यांचं," काकू मला म्हणाल्या. "आता इथे नको, घरी गेल्यावर मीठमोहऱ्या ओवाळून टाक."

आम्ही पुढे गेलो. चार, तीन, दोन. आमच्या बाजूला खुर्ची एकदाची हरवली, मग हरवायच्या आधी ती कुठे होती ते कळलं आणि शेवटी ती कोणी बनवली तेही कळलं. एक नंबरला मैत्रेयीने आमचं स्वागत केलं. 'चलिए, शुरू करते हैं,' ती म्हणाली, आणि आमची टूर संपली. विक्रांतने टाळ्या वाजवल्या.

माझं लक्ष तिकडे नव्हतं. दाराच्या पलीकडच्या बाजूला पद्माकर नवव्या थांब्यावर पोचले होते. सगळ्या मंडळात टूर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला तो एकच माणूस होता. त्यांनी फोन पुढे केला. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं, की झाडी सोडा, गजसुद्धा नीट दिसत नव्हते. ते तिथे उभे राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मनात मैत्रेयीची वाक्यं त्यांच्याबरोबर चालवत होते. आता दमला असाल. आता बसमधली गोष्ट. आता कंटाळा. इथे त्यांची मान जराशी खाली गेली. मला वाटलं, सरळ जाऊन जवळ उभं राहावं, पुढे अजून आहे म्हणून सांगावं. पण पुढे काय आहे ते सांगायची सोय नव्हती. आता तोंडपाठ.

त्यांनी मफलर सोडला आणि त्याने चष्मा पुसला. मग फोन परत कोडपुढे धरला आणि पहिल्यापासून ऐकलं. मग आणखी एकदा.

"पद्माकररावांचं नेट अडकलेलं दिसतंय," सरलाकाकू म्हणाल्या.

माथुर मॅडम जिन्यावरून खाली आल्या. मैत्रेयी टेबलामागून पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मॅडमनी कागदावरून नजर फिरवली. "अच्छा," त्या म्हणाल्या, "किसी ने किसी से कुछ नहीं पूछा. सब लाइन से चले, सबने पूरा किया. मानना पड़ेगा. बस ये एक अंकल उल्टे घूम रहे थे."

सगळं मंडळ पद्माकरांकडे बघायला लागलं. गोष्ट इथे मिटली असती. मैत्रेयीने नुसतं 'जी मॅडम' म्हटलं असतं, तर वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट तिच्या हातात होतं. मी मनात म्हटलं, बाई, तुझी ती गप्प बसायची सवय आज वापर.

"मैडम," मैत्रेयी म्हणाली, "सही अंकल थे. उल्टे बाकी सब थे. टूर राइट से शुरू होती है."

सरलाकाकूंनी वड्यांचा डबा छातीशी धरला. मॅडमनी एकची पाटी बघितली, नऊची पाटी बघितली आणि त्या पद्माकरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आपको किसने बताया, इधर से जाना है?"

जन्मभर ज्या प्रश्नाची वाट बघावी, तो प्रश्न. समोर मोठी अधिकारी, भोवती श्रोते, आणि उत्तरात पाटी, क्रमांक, दिशा, प्रदक्षिणेचं शास्त्र, सगळं बसत होतं. दुपार सहज गेली असती.

"किसी ने नहीं, जी," पद्माकर म्हणाले. "नंबर लिखा था."

एवढंच. माझा कानांवर विश्वास बसेना.

"और आपने इन सबको रोका नहीं?"

"नहीं, जी."

मॅडम मध्यावरच्या पुतळ्याकडे वळल्या. हार, गंध, उदबत्ती. मग दाराबाहेरची चपलांची ओळ त्यांना दिसली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. त्या एकट्याच दारापर्यंत गेल्या, परत आत आल्या आणि चालता चालता डावीकडे वळल्या. दोन पावलांवर थांबल्या. "मैं भी," त्या म्हणाल्या. "मैं भी रोज़ इधर से ही जाती हूँ." त्यांनी मैत्रेयीला जवळ बोलावलं. "ग़लती लोगों की नहीं है, नंबरों की है. पूछा किसी ने नहीं, बताया किसी ने नहीं, शर्त तो तुम जीत गई. अब ये नंबर उल्टे करो, सारी रिकॉर्डिंग दोबारा करो. एक साल तो इसी में निकल जाएगा."

मैत्रेयी नुसती मान हलवत राहिली. सरलाकाकूंनी पहिली वडी पुतळ्यापुढे ठेवली आणि दुसरी मॅडमच्या हातावर. मॅडमनी ती प्रसादासारखी उजव्या हातात घेतली.

वडी खाता खाता त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "वैसे मैं दिल्ली में ही पैदा हुई हूँ. मुझे तो लगता था हिंदूराव कोई डॉक्टर होंगे. कौन थे?"

मंडळातल्या प्रत्येकाने एक पाऊल मागे घेतलं. विक्रांतने घड्याळ बघितलं. सगळ्यांना पद्माकर माहीत आहेत. त्यांनीही श्वास भरून घेतला, छाती पुढे आली, उजवा हात खिशातून बाहेर आला. मी मनात दुपारच्या जेवणावर पाणी सोडलं.

तो हात मैत्रेयीकडे वळला. "इनसे पूछिए," ते म्हणाले. "इनको आता है."

मैत्रेयी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने सुरुवात केली. आधी अडखळत, मग सरळ. ग्वाल्हेर, सरदार, टेकडी, बंगला. बाबा जिथे थांबून श्वास घ्यायचे, तिथेच ती थांबून श्वास घेत होती. मध्येच ती म्हणाली, की हिंदूराव म्हणजे शिंद्यांचा भाचा. इतक्या वर्षांत हे नातं मलाही पाठ झालं आहे आणि ते भाचा नाही. मी पद्माकरांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते, मफलरचं टोक दोन्ही मुठींत पिळलं जात होतं. मी त्यांचा दंड धरला. ते जागचे हलले नाहीत. मैत्रेयीने गोष्ट पुरी केली, मॅडम 'वाह' म्हणाल्या आणि सगळ्यांना चहा सांगितला.

परत येताना मेट्रोत मैत्रेयी आम्हा दोघांच्या मध्ये बसली. पद्माकर गप्प. राजीव चौकला गाडी बदलली, तरी गप्प. करोलबाग गेलं, कोणाला काही समजावलं नाही. समोरचा एक मुलगा चुकीच्या बाजूच्या दाराशी उतरायला उभा होता, त्यालाही काही बोलले नाहीत. मला काळजी वाटायला लागली. सरलाकाकू डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून मला मीठमोहऱ्यांच्या खुणा करत होत्या.

द्वारका जवळ आली, तेव्हा ते एकदम म्हणाले, "मेहुणा."

"काय, बाबा?" मैत्रेयीने विचारलं.

"हिंदूराव शिंद्यांचा मेहुणा. तू भाचा म्हणालीस."

"अय्या. मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

पद्माकरांनी मफलरची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"तुझं वाक्य संपलं नव्हतं," ते म्हणाले.